सहा नावं, एक कंस

गिनीज बुकात अनेक वर्षं एक नोंद छापून येत असे. सर्वांत उंचावर सापडलेल्या फुलझाडांची ती नोंद. ठिकाण कामेट पर्वत, उंची ६,४०० मीटर, शोधणारे एन. डी. जयाल, वर्ष १९५५. रोपं दोन: एर्मानिया हिमालयेन्सिस आणि रॅननक्युलस लोबाटस. दुसरं मोरवेल कुलातलं. पहिलं आपल्या मोहरीच्या कुलातलं, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

दीड ओळीच्या या नोंदीत तीन निरनिराळ्या जातीचे पुरावे एकत्र आलेले आहेत. एका गिर्यारोहकाची साक्ष आहे, उंचीचा आकडा आहे आणि वनस्पतिशास्त्रातलं एक नाव आहे. तिन्हींचा उगम वेगळा, तिन्हींची विश्वासार्हता वेगळी. साक्ष आणि आकडा यांचा माग १९५५ पर्यंत मागे जाऊन थांबतो. नावाचा माग मात्र थेट १८३० पर्यंत, सतलजच्या खोऱ्यात जातो, तिथून पुणे-मुंबईमार्गे पॅरिसला, पुढे बर्लिन, एडिंबरो, सेंट लुइस असा फिरत कुनमिंगला पोचतो. उंच पर्वतांवरच्या मोहरीवर्गीय वनस्पतींचं वर्गीकरण इतकं अवघड का झालं, हे या एका रोपाच्या कागदपत्रांतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं एखाद्या पाठ्यपुस्तकातून दिसत नाही, असं माझं मत आहे.

सुरुवात नावातल्या एका कंसापासून करायला हवी. वनस्पतीचं शास्त्रीय नाव पूर्ण लिहिताना शेवटी ते देणाऱ्याचं नाव येतं. पुढे कुणी ती जाती एका प्रजातीतून काढून दुसरीत टाकली, तर मूळ नामकर्त्याचं नाव कंसात जातं आणि बदल करणाऱ्याचं कंसाबाहेर येतं. आपल्या रोपाच्या नावातला ‘हिमालयेन्सिस’ हा भाग कधीच बदलला नाही. बदलत राहिली ती प्रजाती: कायरँथस, एर्मानिया, क्रिस्टोलिया, ओरिओब्लास्टस, डेसिडेरिया, सोल्म्स-लाऊबाखिया. पहिलं नाव सोडलं तर बाकी पाचही वेळा कंसात एकच माणूस आहे, झाक कांबेसेद. त्यानं हिमालय कधी पाहिला नव्हता. ज्यानं पाहिला, त्या व्हिक्तोर जाकमाँचं नाव कंसात नाही, तरी सगळी साखळी त्याच्यापासून सुरू होते.

जाकमाँ १८०१ साली पॅरिसमध्ये जन्मला. स्तांदाल आणि मेरिमे हे लेखक त्याचे मित्र. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयानं त्याला वर्षाला सहा हजार फ्रँक देऊन फिरता निसर्गअभ्यासक म्हणून हिंदुस्थानात पाठवलं. १८२८ च्या ऑगस्टमध्ये तो ब्रेस्ट बंदरातून निघाला, १८२९ च्या मे महिन्यात कलकत्त्याला पोचला, तिथे काही महिने राहून हिंदुस्थानी शिकला आणि वर्षअखेरीस उत्तरेकडे निघाला. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या थाटापुढे त्याचा पगार अगदीच तुटपुंजा होता. घरच्यांना लिहिलेल्या पत्रांत पैशाची ही ओढाताण पुन्हा पुन्हा येते.

१८३० चा उन्हाळा आणि पावसाळा त्यानं सिमल्याच्या पलीकडे, सतलजच्या वरच्या खोऱ्यात काढला. किन्नौरमधल्या कानम गावी तिबेटी कोशाचं काम करत बसलेल्या चोमा द कोरोश या हंगेरियन विद्वानाला तो भेटला. तिथून पुढे पावसाची सावली सुरू होते. देवदार संपतात, झुडपं संपतात आणि दगडगोट्यांचे उतार लागतात. चिनी हद्दीत शिरल्याचं आणि पाच हजार मीटरच्या वर मुक्काम केल्याचं तो पत्रांत अभिमानानं सांगतो. आता ही पत्रं वडिलांना, भावाला, मित्रांना लिहिलेली आहेत. तरुण प्रवासी घरी लिहितो तेव्हा रंग थोडा गडद होतोच. म्हणून त्यांतले प्रसंग मी स्वभावाचा पुरावा मानतो, भूगोलाचा पुरावा म्हणून वापरत नाही. भूगोलासाठी त्याची रोजनिशी आहे आणि वाळवलेली रोपं आहेत. वाळवलेलं रोप बढाई मारत नाही. ते कुठल्या प्रदेशातलं आहे, कुठल्या ऋतूत खुडलं, फुलावर होतं की शेंगेवर, हे त्याच्याकडे बघूनच कळतं.

पुढच्या वर्षी तो रणजितसिंहांच्या दरबारी गेला, काश्मीर पाहून आला. १८३२ च्या आरंभी त्यानं दक्षिणेची वाट धरली आणि राजपुताना, माळवा करत जूनमध्ये पुण्याला पोचला. पुण्यात आजारी पडला, सावरला, पावसाळा सरत आल्यावर कोकणात उतरला. साष्टीच्या रानात फिरताना दुखणं उलटलं. मुंबईत जेम्स निकोल या इंग्रज व्यापाऱ्यानं त्याची काळजी घेतली. लहानपणापासून ज्याच्याशी सर्वांत मोकळं बोलत आला त्या पोरफिर या भावाला त्यानं १ डिसेंबर १८३२ ला शेवटचं पत्र लिहिलं. यकृताच्या गळवानं आपण वाचणार नाही हे त्याला कळलेलं होतं. थडग्यावर काय कोरायचं तेही त्या पत्रात आहे: नाव, जन्माचा दिवस, मृत्यूचा दिवस आणि साडेतीन वर्षं हिंदुस्थानात प्रवास केला एवढंच. ७ डिसेंबरला तो वारला. वय एकतीस. मुंबईत त्याला पुरलं आणि १८८१ मध्ये त्याचे अवशेष फ्रान्सला नेले.

हे पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या तोंडी तक्रार नाही, देवाधर्माचा धावा नाही. आपण गेल्यावर आपल्या कामाचं काय होईल याची मात्र त्यानं व्यवस्था लावलेली आहे. साडेतीन वर्षांचं श्रेय वाळवलेल्या रोपांच्या पेट्यांत होतं. त्या वेळेवर रवाना झाल्या नसत्या किंवा वाळवी-बुरशीच्या तोंडी पडल्या असत्या, तर पुढचा सगळा इतिहास घडलाच नसता.

पेट्या पॅरिसला पोचल्या. जाकमाँची पत्रं १८३३ मध्ये छापून निघाली आणि युरोपभर गाजली. त्याच्या प्रवासाचा मोठा ग्रंथ, मजकुराचे चार खंड आणि चित्रांचे वेगळे खंड, सरकारी पाठबळानं १८३५ ते १८४४ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. चौथ्या खंडातला वनस्पतींचा विभाग कांबेसेदनं सुरू केला आणि जोसेफ दकेन यानं पुरा केला. कांबेसेद तोवर बॅलेआरिक बेटांच्या वनस्पतींवरच्या आणि ब्राझीलच्या वनस्पतींवरच्या कामामुळे ओळखला जात होता. या ग्रंथात त्यानं हिमालयातल्या एका बुटक्या, लवदार, जांभळट फुलांच्या रोपाला कायरँथस हिमालयेन्सिस असं नाव दिलं. त्याच ग्रंथात क्रिस्टोलिया ही नवी प्रजातीही मांडली. आणि रॅननक्युलस लोबाटस, म्हणजे जयाल यांच्या नोंदीतलं दुसरं रोप, तेही याच ग्रंथातून जगापुढे आलं. कामेटवरची दोन्ही रोपं अशी एकाच माणसाच्या पेट्यांपर्यंत मागे जातात. गिनीजच्या नोंदीत त्याचा उल्लेख असणं शक्य नव्हतं, पण इतिहास लिहिणाऱ्यानं तो करायला हवा.

कायरँथस ही युरोपातल्या बागांत लावल्या जाणाऱ्या ‘वॉलफ्लॉवर’ची प्रजाती. हिमालयाच्या उंच उतारावरचं रोप आणि युरोपातल्या जुन्या भिंतींच्या फटींत उगवणारं हे सुवासिक फूल यांना कांबेसेदनं एका घरात का बसवलं, हे समजायला मोहरीचं फूल जवळून बघावं लागतं.

थंडीत मोहरीच्या शेतात शिरून एक फूल खुडा. चार पाकळ्या, क्रुसासारख्या समोरासमोर. आत सहा पुंकेसर, त्यांतले चार उंच आणि दोन ठेंगणे. मधोमध बारीक दांडीसारखा बीजकोश, जो पुढे शेंग होतो. शेंग पिकली की दोन्ही फाकी खालून सुटतात आणि मधे पातळ पारदर्शक पडदा उभा राहतो, त्याच्या कडेला बिया. आता मुळ्याचं फूल बघा, कोबीचं बघा, अळीवाचं बघा. रंग आणि आकार सोडले तर तीच मांडणी. जगभरातल्या जवळजवळ चार हजार जातींत फूल हे असंच आहे. त्यामुळे कुल ओळखणं फार सोपं आणि कुलाच्या आत फोड करणं फार कठीण. लिनियसनं या कुलाचे शेंगेवरून दोन भाग पाडले, लांब शेंगेचे आणि आखूड शेंगेचे. ऑगस्तँ द कांदोल यानं १८२१ मध्ये आणखी आत हात घातला. बियांतला गर्भ कसा दुमडलेला आहे, मूळ बीजदलांच्या कडेला टेकतं की पाठीवर, यावर त्यानं गट पाडले. कांबेसेद याच परंपरेत वाढलेला. त्याच्या पुढ्यातल्या वाळक्या रोपाला लांब, चपटी शेंग होती. माहितीतल्या प्रजातींत त्याला जवळची वाटली ती कायरँथस. त्याच्याजवळच्या साधनांनी तो याहून वेगळं काही करू शकला नसता आणि म्हणून मी त्याला चूक म्हणणार नाही.

पुढची हालचाल झाली ती विसाव्या शतकात, बर्लिनमध्ये. ओटो ऑयगेन शुल्त्स हा पेशानं शाळामास्तर. नोकरी सांभाळून त्यानं मोहरी कुलावर इतकं काम केलं की १९३६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालेली त्याची मांडणी पुढची सत्तर वर्षं जगभर आधाराला घेतली गेली. एकोणीस गट, प्रत्येकात प्रजाती, प्रत्येकीची लक्षणं. या शुल्त्सनं आपलं रोप कायरँथसमधून काढून एर्मानियात ठेवलं.

एर्मानिया हे नाव १८३१ चं, म्हणजे जाकमाँ सिमल्याच्या पलीकडे फिरत होता त्याच सुमाराचं. कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आडेलबर्ट फॉन शामिसो यानं ते गेऑर्ग आडोल्फ एर्मान या प्रवाशाच्या सन्मानार्थ दिलं. एर्माननं सैबेरिया ओलांडून कामचत्का गाठलं होतं आणि एर्मानियाचं मूळ रोप त्याच ईशान्य टोकाचं. कामचत्का आणि हिमालय यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर. शुल्त्सला ते अडलं नाही, कारण दोन्हीकडची रोपं दिसायला एकमेकांजवळची होती: जमिनीलगत पानांचा गुच्छ, मऊ लव, कडाक्याच्या थंडीत टिकणारं बसकं अंग.

शुल्त्स ज्या संग्रहावर काम करत असे तो बर्लिन-डालेमचा संग्रह मार्च १९४३ मधल्या बाँबहल्ल्यात बहुतांश जळून गेला. जगातला फार मोठा संग्रह होता तो. शुल्त्सनं हाताळलेली, त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेली रोपं त्या आगीनं नेली. त्याचे निर्णय छापील पानांवर उरले, त्यांमागचा पुरावा मात्र गेला. जाकमाँचा संग्रह पॅरिसमध्ये सुखरूप राहिला. म्हणूनच ‘हिमालयेन्सिस’ म्हणजे नेमकं कुठलं रोप, असा वाद उठला तर तो आजही सोडवता येतो. नाव कुठल्या प्रजातीत न्यायचं यावर शंभर मतं असू शकतील, नाव कुठल्या वाळक्या रोपाला बांधलेलं आहे यावर नाही.

आता कामेट. गढवालमधलं हे शिखर ७,७५६ मीटर उंच. १८५५ मध्ये श्लागिन्टवाइट बंधू त्याच्या शेजारच्या अबी गामिनवर ६,७०० मीटरच्या पुढे चढले होते. शिखर सर झालं ते २१ जून १९३१ ला, फ्रँक स्माइदच्या तुकडीकडून. तुकडीत एरिक शिप्टन होता आणि आर. एल. होल्ड्सवर्थही. होल्ड्सवर्थकडे मोहिमेच्या वनस्पतींचं काम होतं. शिखराइतकंच त्याचं लक्ष दगडांमधल्या फुलांकडे असे. उतरताना ही मंडळी भ्यूंढार खोऱ्यात शिरली. स्माइदनं पुढे पुस्तक लिहून जगप्रसिद्ध केलेली ‘फुलांची दरी’ ती हीच.

होल्ड्सवर्थ नंतर डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये शिक्षक झाला. जॅक गिब्सन, जॉन मार्टिन, गुरदयाल सिंग हे शिक्षकही तिथलेच आणि भारतीय गिर्यारोहणाची पहिली पिढी त्यांनी घडवली. नरेंद्र धर जयाल, सगळ्यांचे नंदू, याच शाळेचे विद्यार्थी. सैन्यात अभियंता अधिकारी झाले. दार्जिलिंगला १९५४ मध्ये हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा तिचे पहिले प्राचार्य झाले आणि १९५५ मध्ये त्यांच्या तुकडीनं कामेट पुन्हा सर केलं. जिथे शिक्षकानं चोवीस वर्षांपूर्वी रोपं गोळा केली होती, तिथे विद्यार्थ्यानं वाकून दगडातलं रोप खुडलं. शिखरावर जाणारा माणूस सहा हजार मीटरच्या वर थांबून रोप खुडतो, ही सवय आपसूक लागत नाही. ती कुणीतरी लावावी लागते, आणि इथे ती शाळेत लागली असं मानायला मला जागा दिसते. जयाल १९५८ मध्ये चो ओयूच्या मोहिमेवर वारले.

६,४०० मीटर या आकड्याकडे जरा थांबून पाहायला हवं. तो मुळात एकवीस हजार फूट आहे. १९३५ मध्ये शिप्टननं एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या घसाऱ्यावरून सॉसुरियाची एक जाती आणली, तिचीही उंची ६,४०० मीटरच सांगितली जाते. दोन वेगळे पर्वत, वीस वर्षांचं अंतर, आणि आकडा एकच. त्या काळी चढणाऱ्याजवळ उंची मोजायला हवेच्या दाबावर चालणारं उपकरण असे आणि छावणीच्या अंदाजित उंचीवरून बाकीचा हिशेब होई. असा हजारात पुरा होणारा आकडा जवळपासची उंची सांगतो, मोजलेली उंची सांगत नाही. जयाल यांच्या साक्षीवर मी शंका घेत नाही. त्या आकड्याला शेपन्नास मीटरची मोकळीक द्यावी लागते एवढंच माझं म्हणणं आहे.

नोंदीतलं नाव मात्र छापण्यापूर्वीच जुनं झालं होतं. १९५५ मध्येच एस. एम. एच. जाफरी यांचा लेख एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात आला आणि त्यांनी एर्मानिया हिमालयेन्सिसला क्रिस्टोलियात हलवलं. म्हणजे कांबेसेदनं एकाच ग्रंथात एक रोप कायरँथसमध्ये टाकलं होतं आणि शेजारीच क्रिस्टोलिया ही नवी प्रजाती उभी केली होती. एकशे दहा वर्षांनी जाफरींनी पहिलं उचलून दुसरीत ठेवलं. पुढे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघातल्या सुस्लोवा यांनी त्यासाठी ओरिओब्लास्टस नावाची प्रजाती काढली. विक्रमांच्या पुस्तकानं मात्र एर्मानिया सोडलं नाही.

मग इहसान अल-शहबाज आले. मूळचे इराकी, अमेरिकेत सेंट लुइसच्या मिझुरी वनस्पती उद्यानात काम करणारे, आणि मोहरी कुलाचे आजच्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. २००० साली त्यांनी डेसिडेरिया या विस्मृतीत गेलेल्या प्रजातीची नव्यानं मांडणी केली. रेनातो पांपानिनी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं ती १९२६ मध्ये काराकोरमच्या एका रोपावरून स्थापली होती. पंज्यासारख्या शिरांची, टोकाला दाते असलेली पानं हे तिचं एक मुख्य लक्षण. ‘हिमालयेन्सिस’ला ते चपखल बसत होतं. मांडणी सुबक होती. मला ती आजही वाचायला आवडते, कारण त्यात प्रत्येक रोपाचा प्रत्येक संग्रहातला पत्ता तपासलेला आहे.

ती आठ वर्षं टिकली. चीनच्या युनान प्रांतात कुनमिंगला युए जीपेई, सुन हांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोपांच्या डीएनएचे तुकडे वाचले. हेंगदुआन पर्वतांत सोल्म्स-लाऊबाखिया नावाची एक देखणी प्रजाती आहे. साधी, बिनदात्याची पानं, निळी-जांभळी मोठी फुलं. डीएनएच्या वंशवृक्षात तिच्या जाती डेसिडेरियाच्या जातींच्या मधे येऊन बसल्या. दोन घरं म्हणून ज्यांची नोंद होती ते एकच एकत्र कुटुंब निघालं. २००८ मध्ये दोन्ही प्रजाती एक केल्या गेल्या आणि त्या लेखावर अल-शहबाज यांचंही नाव आहे. आपलीच आठ वर्षांपूर्वीची मांडणी पुराव्यापुढे मागे घेताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. विद्येच्या क्षेत्रात हे दिसतं तितकं सोपं नसतं.

एकत्र केल्यावर नाव कोणतं ठेवायचं? इथे नियम एकच: जे आधीचं ते. डेसिडेरिया १९२६ चं, सोल्म्स-लाऊबाखिया १९१२ चं. जॉर्ज फॉरेस्टनं युनानमधून आणलेल्या रोपांवरून ते नाव देणारा रेनो मुशलर. हा मुशलर पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये बदनाम झाला. आफ्रिकेतल्या वनस्पतींच्या कामात त्यानं रोपांची ठिकाणं खोटी दाखवल्याचं उघडकीस आलं, वनस्पतिशास्त्र सुटलं आणि नंतर तो कादंबऱ्या लिहू लागला. तरी सोल्म्स-लाऊबाखियाच्या बाबतीत त्याचं नाव वैध आहे. फॉरेस्टची रोपं खरी होती, त्यांचं वर्णन छापलेलं होतं, ती तपासता येत होती. नामकरणाचा नियम माणसाचं चारित्र्य बघत नाही आणि तो बघत नाही हे योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक नाव दर पिढीला खटल्यात उभं राहिलं असतं.

आता ही सगळी धरसोड का झाली? अभ्यासक हलगर्जी होते असं या कागदांत कुठे दिसत नाही. कारण पर्वतात आहे.

पाच हजार मीटरच्या वर रोपाला जगायला फार थोडे मार्ग उरतात. वाढीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. दिवसा ऊन भाजून काढतं, रात्री जमीन गोठते. वारा उंच दांडी मोडतो. घसारा सतत सरकतो, म्हणून मूळ जाड आणि लांब लागतं. पानं जमिनीला चिकटून गुच्छात किंवा गादीसारखी दाटीनं वाढली तर आतली ऊब टिकते. फूल दांडीविना गुच्छातूनच वर आलं तर वाऱ्यापासून वाचतं. अंगावर लव असली तर पाणी आणि उष्णता दोन्ही धरून ठेवता येतात. मोहरी कुलाच्या निरनिराळ्या शाखा वर चढत गेल्या आणि प्रत्येकीला थंडीनं याच साच्यातून काढलं. द्राबा या कुलातल्या सर्वांत मोठ्या, जवळजवळ चारशे जातींच्या प्रजातीत गादीची रोपं झाली. पेगिओफायटनमध्ये जमिनीतून थेट वर येणारी फुलं झाली. सोल्म्स-लाऊबाखियातही तेच. शुल्त्सला कामचत्काचं आणि हिमालयाचं रोप जवळचं वाटलं ते यामुळे. एर्मानियाचं मूळ रोप डीएनएच्या पुराव्यावर आता स्मेलोव्स्कियाच्या गोतात गेलं आहे, तर ‘हिमालयेन्सिस’ युक्लिडिए या वेगळ्याच गटात आहे. नात्यानं लांबची रोपं एका संकटात सारखी दिसू लागली होती.

आणि याची दुसरी बाजूही तितकीच फसवी. सोल्म्स-लाऊबाखियाच्या जाती भूशास्त्राच्या हिशेबानं अगदी अलीकडच्या, गेल्या काही दशलक्ष वर्षांतल्या. एकेका पर्वतरांगेवर, हिमनद्या पुढेमागे सरकत असताना त्या अडकून पडल्या आणि झपाट्यानं वेगळ्या झाल्या. कुणाचं पान दातेरी राहिलं, कुणाचं साधं झालं. सख्खी भावंडं इतकी वेगळी दिसू लागली की अभ्यासकांनी त्यांना दोन प्रजातींत टाकलं. शेंग, पान, लव ही लक्षणं खोटी नाहीत. पण इतक्या उंचीवर ती वंशाबद्दल कमी आणि परिस्थितीबद्दल जास्त बोलतात. २००६ मध्ये अल-शहबाज, बाइलस्टीन आणि केलॉग यांनी डीएनएच्या आधारावर कुलाची पंचवीस गटांत नवी मांडणी केली, त्यानंतर गटांची संख्या पन्नासच्या पुढे गेली. वाढलेल्या संख्येमुळे वर्गीकरण किचकट झालं अशी तक्रार ऐकू येते. मला ती पटत नाही. जुने गट कमी होते, कारण सारख्या दिसणाऱ्यांना त्यांत एकत्र कोंबलेलं होतं.

या सगळ्यावर प्रकाश टाकणारा शेवटचा कागद लडाखचा आहे. चेक वनस्पतिशास्त्रज्ञ लेओश क्लिमेश यांनी तिथल्या उंच उतारांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथे सापडलेल्या मोहरीवर्गीय छोट्या गादीसारख्या रोपाला अल-शहबाज यांनी २००२ मध्ये अलिसम क्लिमेशी असं नाव दिलं. ते रोपही नंतर लडाकिएला या स्वतंत्र प्रजातीत गेलं. क्लिमेश २००९ मध्ये हिमालयातच बेपत्ता झाले. त्यांचे सहकारी यिर्ही डोलेझल आणि इतरांनी २००३ मधल्या जागा २०१३ पर्यंत पुन्हा तपासल्या. काही जाती ६,१५० मीटरपर्यंत, सलग वाढीच्या सीमेच्या सुमारे दीडशे मीटर वर पोचल्या होत्या. २०१६ मध्ये या उंचीवरच्या रोपांच्या मुळांतल्या जिवाणूंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा जाती आहेत: एक गवत, सूर्यफुलाच्या कुलातल्या दोन, आणि उरलेल्या तिन्ही मोहरी कुलातल्या. द्राबाच्या दोन, लडाकिएलाची एक.

इथे उंची मोजलेली आहे, रोपं संग्रहात आहेत, मुळंसुद्धा तपासलेली आहेत. म्हणून कामेटच्या आकड्यापेक्षा हा आकडा लहान असूनही मी त्याला जास्त वजन देतो. दोन्ही नोंदी एकत्र ठेवल्या की त्यांतून एक गोष्ट दिसते, जी १९५५ मध्ये कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. द्राबा अरॅबिडिए गटातली. लडाकिएला क्रुसिहिमालयिए गटातली. कामेटचं ‘हिमालयेन्सिस’ युक्लिडिए गटातलं. म्हणजे मोहरी कुलाच्या तीन वेगवेगळ्या शाखा, आपापल्या वाटेनं, एकमेकींवर अवलंबून न राहता, वनस्पती जगू शकतात त्या शेवटच्या हद्दीपर्यंत चढल्या.